आमची वाटचाल : शेगडी दुरुस्तीपासून गॅसच्या पाइपलाइनपर्यंत

आमच्या फर्मचं मूळ पिंपरीतल्या शेगडी दुरुस्तीच्या छोट्या दुकानात आहे. वडील बर्नर साफ करायचे, कॉक बदलून द्यायचे आणि गिऱ्हाईक निघताना हमखास विचारायचे, "नळी कधी बदललीत?" रबरी नळीचं आयुष्य पाच वर्षं, ही गोष्ट मी शाळेत असतानाच त्यांच्याकडून ऐकली. नळीवर वर्ष छापलेलं असतं, पण ते बघतं कोण?

महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी 2006 मध्ये स्थापन झाली आणि हळूहळू पुणे-पिंपरीत सोसायट्यांच्या भिंतींवर पिवळे पाइप दिसू लागले. सिलिंडरवरची शेगडी पाइपच्या गॅसवर चालवायची तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलावे लागतात, कारण या गॅसचा दाब कमी असतो आणि जेटचं भोक मोठं लागतं. ती कामं करता करता आम्ही घरातल्या पाइपलाइनकडे वळलो. पाठोपाठ हॉटेलांच्या गॅस बँकेची, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांची, कामंही मिळू लागली.

खरी कसोटी लागली ती मॉड्युलर किचनमुळे. हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, एकीकडे, सिलिंडर लांबच्या कपाटात आणि दोघांच्या मध्ये ट्रॉल्या. सुतार प्लायला भोक पाडतो, त्यातून नळी ओढली जाते आणि पुढे ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही. वाकडमधल्या एका घरी आम्ही चमच्यांची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली, तर मागे नारिंगी नळी ट्रॉलीच्या चॅनलला (सरकपट्टीला) घासून घासून आतली तार उघडी पडलेली. ट्रॉली दिवसातून कितीदा उघडते! घरातल्या आजी म्हणाल्या, "वास तर कधी आला नाही हो." वास येईपर्यंत थांबायचंच कशाला, एवढंच मी त्यांना म्हटलं आणि नळी तिथल्या तिथे काढली.

तेव्हापासून आमची पद्धत पक्की झाली. कपाटांमागून, भिंतीतून जाईल तो तांब्याचा पक्का पाइप, भिंतीत त्याला बाहेरून स्लीव्ह, म्हणजे मोठ्या पाइपचं आवरण. हॉबजवळ हाताला येईल असा कॉक, आणि लवचिक नळी फक्त तिथून पुढे. ती दीड मीटरच्या आत, मध्ये सांधा नाही, पीळ नाही आणि पूर्ण लांबी डोळ्यांना दिसणारी. क्लॅम्पही बेताने आवळायचा. जोर लावला की तो रबरातच रुततो. काम झालं की शेगडी आणि रेग्युलेटर सोडवून लाइनमध्ये हवा भरतो आणि गेजचा काटा हलत नाही ना, ते बघत बसतो. गॅस सोडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी. काडी ओढून तपासणारा माणूस आमच्याकडे कामाला राहू शकत नाही.

हल्ली पन्हळीच्या स्टीलच्या नळ्या मागतात. त्या चांगल्या आहेत, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवल्या तर तडकतात. आणि सिंकखाली फरशी पुसायच्या ॲसिडची बाटली ठेवायची आपल्याकडे सवयच! त्याच्या वाफेने स्टेनलेस स्टीलही खाल्लं जातं. म्हणून अशी नळी बसवण्याआधी आम्ही ती बाटली बाहेर काढायला लावतो.

कपाटाच्या जाळीवरूनही वाद होतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. पाइपचा गॅस हलका, त्याला वर वाट लागते. बंदिस्त केलेल्या गॅलरीत पाइप असेल तर वरचा झरोका आम्ही बुजवू देत नाही. "शोभा जाते" म्हणणाऱ्यांना मी समजावतो, पण सगळेच ऐकतात असं नाही. टाइल्सच्या आत जोड लपवून द्या म्हणणाऱ्या एका बिल्डरचं मोठं काम याच कारणाने सोडलं. त्या वर्षी ओढाताण झाली, पण माझ्याकडे कामाला असलेल्या मुलांनी बसवलेल्या लाइनखाली कुणाचं तरी घर नांदतं, हे मला विसरता येत नाही.

आज आमची मुलं स्वतःच ग्राहकाला नळीवरचं वर्ष वाचून दाखवतात. काम संपलं की कपाटाच्या दाराला आतून एक स्टिकर लावतो: नळी बसवल्याचा महिना, बदलायचं वर्ष, सिलिंडर असेल तर गळतीसाठी 1906 हा क्रमांक, आणि पाइपचा गॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन क्रमांक. दिवाळीच्या फराळाआधी जुन्या ग्राहकांना फोन करून ते वर्ष वाचायला सांगतो. मुदत संपली असेल, तर आमचा माणूस त्याच आठवड्यात येतो.