बॉटलब्रशच्या झाडाखाली

मक्यात तणनाशक मारलं की तण आधी पांढरं पडतं ना, त्यामागची गोष्ट वाचली आणि जाम भारी वाटलं. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाला दिसलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवतच नाही, मग मातीतून लेप्टोस्पर्मोन नावाचं रसायन सापडलं, पण ते फार सौम्य, म्हणून त्यात बदल करत करत मेसोट्रिओन हे तणनाशक बनलं. आपण मारतो ते टेंबोट्रिओन पण त्याच गटातलं. तणाच्या पानाला कॅरोटिनॉइड, म्हणजे हरितद्रव्याला उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य, बनवता येत नाही, मग उन्हाने हरितद्रव्य जळतं, मका मात्र औषध पचवून टाकतो.

बुरशीची तणनाशकंपण आलीत, १९८२ला अमेरिकेत भातासाठी कोलेगो आलं, पण ते एकाच तणावर चालायचं. मला तर हेच आवडतं, बाकी शिवाराला धक्का नाही. आपल्या गाजर गवतावर असं काहीतरी हवंय यार, खुरपून खुरपून हात सोलतात आमचे.