तापाची कारणे

माझा मणका छातीच्या पातळीवर, डॉक्टरांच्या भाषेत डी-४ ला, दुखावलेला आहे. त्याखालच्या शरीराला स्पर्श कळत नाही आणि घामही येत नाही. घाम न येणे ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते. परंतु आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा असे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही आणि कोणताही आजार नसताना तापते. कुलरसमोर बसून मानेवर ओला पंचा ठेवला की ते हळूहळू निवते.

करोनाच्या काळात नेमका तापच संशयाचे पहिले लक्षण ठरला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेलो, तेव्हा दारातच कपाळावर यंत्र धरून मला संशयितांच्या रांगेकडे पाठवण्यात आले. दादा परोपरीने सांगत होता, की हा ताप बहुधा लघवीच्या संसर्गाचा आहे. मणका दुखावलेल्या आमच्यासारख्यांना लघवी करताना जळजळ जाणवत नाही. पायांचे झटके वाढतात, लघवी गढूळ होते, तिला उग्र वास येतो आणि थंडी वाजून ताप भरतो. ही सर्व लक्षणे मला होती. तरीही करोनाची तपासणी आवश्यकच होती, याबद्दल माझी तक्रार नाही. लघवी मात्र त्याच वेळी तपासता आली असती. शिवाय ज्याच्या पोटाचे स्नायू लुळे आहेत, ज्याला जोर लावून खोकता येत नाही, त्याला खोकणाऱ्यांच्या गर्दीत ताटकळत बसवणे मला आजही धोक्याचे वाटते. छातीत कफ दाटला, की मी खोकण्याच्या क्षणी आई दोन्ही तळव्यांनी बरगड्यांखाली दाब देते, तेव्हा कुठे तो सुटतो.

अंतर राखणे तर आमच्या घरात शक्यच नव्हते. पलंगावरून खुर्चीत घेताना दादाला मला छातीशी धरावे लागते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, अन्यथा जखमा होतात, आणि त्या चिघळल्या की पुन्हा ताप. टाळेबंदीत शेजारच्या गावाहून येणाऱ्या मदतनिसाचे येणे थांबले आणि सगळा भार दादावर पडला. तो आजारी पडला तर काय, या काळजीने त्याने केळीच्या बागेतली कामेही मजुरांपासून दूर राहून, पहाटेच उरकायला सुरुवात केली. दर चार ते सहा तासांनी लागणाऱ्या कॅथेटरची, म्हणजे लघवी काढण्याच्या नळीची, चणचण होतीच; हातमोज्यांची त्याहून अधिक.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ८ आपत्तीच्या काळात आम्हाला समान संरक्षणाची हमी देते. असे असूनही, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी लस देण्याची केंद्राची घोषणा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये झाली, म्हणजे दुसरी लाट ओसरून गेल्यावर. गावातल्या आशाताईंना कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणाचे बाळ लसीचे आहे, हे तोंडपाठ असते. मणक्याची दुखापत झालेला माणूस कोणत्या घरात आहे, त्याला उचलणारे कोण आहे, हेही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत असले पाहिजे. आणि तो ताप घेऊन आला, तर साथ कोणतीही असो, त्याच भेटीत त्याची लघवी आणि पाठीची त्वचा तपासली गेली पाहिजे.