बिजागरी

लॅपटॉप घेताना आपण काय बघतो, प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती आणि शेवटी ईएमआय किती. मी पण तेवढंच बघितलं. बिजागरी बघायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दुकानदार तर कशाला सांगतोय.

माझं काम अकाउंट्सचं, सोलापुरात टॉवेल-चादरवाल्या दोन-तीन पार्ट्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. लॅपटॉप दिवसातून दहादा उघडायचा, दहादा मिटायचा, एवढाच काय तो त्याला त्रास. घेतल्यापासून दहाव्या महिन्यात, एप्रिलच्या दुपारी, लाईट नुकतीच गेलेली, मी झाकण उचललं आणि कट्ट. डाव्या बाजूला स्क्रीनची कड सुटून वर आली, भाकरीचा पापुद्रा सुटतो ना अगदी तशी. चालू होत होता, दिसतही होतं, फक्त मिटवायला गेलं की आतून करकर.

वॉरंटी १ वर्षाची, म्हटलं टेन्शन नाही. सर्व्हिस सेंटरला गेलो, टोकन घेतलं, पाऊण तास बसलो. काउंटरवरच्या पोरानं अर्धा मिनिट बघितलं असेल नसेल, "फिजिकल डॅमेज आहे सर, वॉरंटीत बसत नाही." बिजागरी एकटी मिळत नाही म्हणे, मागचं कव्हर, पुढची पट्टी सगळं मिळून ११,८०० रुपये. मी म्हटलं अहो पडल्याची खूण दाखवा, ओरखडा दाखवा, चारही कोपरे नवेकोरे आहेत. तो म्हणे सिस्टीममध्ये तसाच ऑप्शन आहे. जॉबशीट सहीला पुढं केली, त्यावर लिहिलेलं 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज'. म्हणजे मीच मोडला! तिथं सही केली असती तर विषयच संपला असता. मी ती ओळ खोडायला लावली आणि 'बाहेरून मार लागल्याची खूण नाही' असं लिहून घेतलं, मागं लायनीतले लोक वैतागले तरी.

तिथून तडक नवी पेठेतल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडं. त्यानं उघडला नाही, उघडला तर वॉरंटी गेली म्हणतील, नुसता फटीतून टॉर्च मारून दाखवला. बिजागरी लोखंडी, एकदम टणक, पण ती ज्या स्क्रूवर बसते ते स्क्रू आवळलेत कशात, तर प्लास्टिकमध्ये गरम करून रुतवलेल्या बारक्या पितळी नटांत. बिजागरी घट्ट असली की झाकण उचलताना सगळा जोर त्या नटांवर, आणि एक दिवस नट प्लास्टिकचा तुकडा घेऊनच बाहेर. "स्क्रू जागेवरच हाय की ओ, प्लास्टिक सुटलंय. ह्या मॉडेलचं चौथं आलंय माझ्याकडं." हे चौथं ऐकून मला राग पण आला आणि बरं पण वाटलं.

रात्री कंपनीला मेल टाकला. फोटो, बिल, जॉबशीट, आणि खाली एक ओळ, की २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मी राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, त्यामुळं मला तुमच्या बेंगळुरूच्या ऑफिसला यायची गरज नाही. शिवाय १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नंबर घेतला, तोही मेलमध्ये चिकटवला. नवव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम लोण्यासारखा, "वन टाइम गुडविल म्हणून फ्रीमध्ये करून देतोय सर." गुडविल! जणू माझ्या पोराच्या मुंजीत आहेर देतायत. पण काम होत होतं म्हणून गप बसलो.

लॅपटॉप पुण्याला गेला तो तीन आठवड्यांनी आला. मधे २० तारीख, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची, ती मित्राच्या लॅपटॉपवर रात्री अकराला काढली.

आलेलं कव्हर तेच, तसलंच प्लास्टिक. आता मी दोन्ही हातांनी, मधोमध धरून उघडतो, बायको म्हणते देव्हारा उघडूलालाय का काय.

मागच्या आठवड्यात शेजारच्या पोरीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता, मला घेऊन गेली. मी डिस्प्लेवरचे एकेक घेऊन एका कोपऱ्याला धरून उचलायला लागलो, कुठला वाकतोय, कुठल्याची खालची बॉडी झाकणाबरोबरच उचलली जातेय, आणि वॉरंटीच्या कागदात घरी येऊन दुरुस्ती आहे का आपण नेऊन द्यायचा ते वाचत बसलो. चौथ्या लॅपटॉपला सेल्समन पळत आला, "ओ काका, मोडूलालाय का काय!"