कॉम्प्लेक्स नंबरचं डायमेन्शन किती? आधी सांगा, कोणावर?

अकरावीच्या पुस्तकात कॉम्प्लेक्स नंबर (२ + ३·आय असले) येतात तेव्हा सगळं भांडण त्या एकट्या 'आय'वर, म्हणजे उणे एकच्या वर्गमूळावर, होतं. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हे तोपर्यंत घोकून घेतलेलं आणि मग एक दिवस अचानक "समजा आहे". समजा म्हणजे काय, उद्या म्हणाल समजा शून्याने भागता येतं. पोरांची ही शंका एकदम रास्त आहे आणि तिचं उत्तर वर्गात बहुतेक वेळा मिळत नाही, कारण उत्तर द्यायला फील्ड (ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून भागाकार सगळं चालतं असे नंबर) आणि व्हेक्टर स्पेसची भाषा लागते, ती तीन-चार वर्षांनी येते आणि तोपर्यंत शंका मरून गेलेली असते. माझं मत असं आहे की आयला समजून घ्यायची खरी किल्ली 'कोणावर?' ह्या प्रश्नात आहे, म्हणजे आपण कुठल्या नंबरांच्या पायावर उभे आहोत ते. कसं ते सांगतो.

आधी शून्याने भागण्याचं बघू. शून्याला गुणून एक देणारा एखादा नंबर आणला, तर शून्य गुणिले काहीही शून्यच ह्या नियमामुळे (हा नियम कंस सोडवायच्या नियमातूनच आपोआप निघतो, तो टाकून देता येत नाही) शून्य बरोबर एक होतं, मग सगळेच नंबर शून्य, दुकान बंद. उणे एकचं वर्गमूळ आणलं तर असं काही कोसळत नाही. पण कोसळत नाही हे नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं, आणि ते नीट दाखवायला युरोपात जवळजवळ तीनशे वर्षं गेली.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात स्वच्छ लिहून ठेवलंय, "न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्", ऋण संख्येला मूळ नाही कारण ती कुणाचा वर्गच नाही. हे वाचून काही जण म्हणतात बघा त्यांना कळलं नव्हतं, आणि दुसरे काही ह्यातूनच कॉम्प्लेक्स नंबर खणून काढतात, मला दोन्ही पटत नाही. वाक्य शंभर टक्के खरं आहे, फक्त त्याच्या आधी "रिअल नंबरांमध्ये", म्हणजे रेषेवरच्या नेहमीच्या संख्यांमध्ये, एवढं मनात लावून घ्यायचं. पुढे हेच वाक्य एका मोठ्या माणसाच्या आड येणार आहे, लक्षात ठेवा. (चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.)

इटलीत कार्डानोने १५४५ मध्ये दहाचे असे दोन भाग मागितले ज्यांचा गुणाकार चाळीस, उत्तर आलं ५ + √−१५ आणि ५ − √−१५, त्याने गुणाकार करूनही दाखवला आणि हुशारीचं आहे पण निरुपयोगी आहे अशा अर्थाचं काहीतरी लिहून सोडून दिलं. खरी अडचण बॉम्बेलीच्या १५७२ च्या पुस्तकात दिसते. समीकरण आहे क्ष³ = १५क्ष + ४. क्ष = ४ हे उत्तर डोळ्यांना दिसतं, चौसष्ट बरोबर साठ अधिक चार. पण घनसमीकरणाचा फॉर्म्युला लावला की उत्तर दोन घनमुळांची बेरीज म्हणून येतं, एक २ + √−१२१ चं आणि दुसरं २ − √−१२१ चं, म्हणजे आत √−१२१ येऊन बसतं. वर्गसमीकरणात रूटखाली मायनस आला तर "उत्तर नाही" म्हणून वही मिटता येते, इथे ती सोय नाही, उत्तर समोर ढळढळीत आहे. बॉम्बेलीने २ + √−१ चा घन केला, तो बरोबर २ + ११√−१ येतो, म्हणजे २ + √−१२१ च, आणि दुसऱ्या तुकड्यातून २ − √−१ निघतं, दोघांची बेरीज चार! तर हे प्रकरण चालतं हे दिसलं, का चालतं हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

मधले गाउस, आर्गां, वेसेल वगैरे प्रतलावर बिंदू काढणारे लोक मी गाळतोय, त्यांच्यावर सगळे लिहितात. मला आवडतो तो हॅमिल्टन ह्या आयरिश गणितज्ञाचा १८३३ चा मार्ग, कारण त्यात चित्र नाही आणि समजाही नाही. तो म्हणतो रिअल नंबरांच्या जोड्या घ्या, (अ, ब) अशा. बेरीज सरळ, जागच्या जागी. गुणाकार असा ठरवा: (अ, ब) गुणिले (क, ड) म्हणजे (अक − बड, अड + बक). बस, झालं. आता (०, १) ला स्वतःशी गुणा, (−१, ०) येतं. उणे एकचं वर्गमूळ कुठून उपटून आणलं नाही, ती रिअल नंबरांची एक साधी जोडी आहे, आणि जोडीच्या अस्तित्वावर कोणाला काय शंका असणार. रिअल नंबर मान्य असतील तर कॉम्प्लेक्स आपसूक मान्य.

पण तो गुणाकाराचा नियम आभाळातून पडल्यासारखा वाटतो ना? तिथे कोशीची १८४७ ची युक्ती कामाला येते. रिअल सहगुणकांच्या बहुपदी घ्या आणि प्रत्येकीला क्ष² + १ ने भागून फक्त बाकी ठेवा. बाकी नेहमी अ + बक्ष अशीच उरते, म्हणजे पुन्हा जोडीच, आणि दोन बाक्यांचा गुणाकार करून परत बाकी काढली की हॅमिल्टनचा नियम आपोआप बाहेर येतो. आजच्या अॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रात ह्यालाच कोशंट रिंग म्हणतात. आणि भागाकार? अ + बक्ष ला अ − बक्ष ने गुणलं की अ² + ब² मिळतं, त्याने भागायचं, आणि ते शून्य होत नाही कारण रिअल नंबरांत दोन वर्गांची बेरीज शून्य व्हायची तर दोघांना शून्य व्हावं लागतं. हे शेवटचं कारण बारकाईने वाचा. त्यात रिअल नंबरांचा स्वतःचा एक गुण वापरलाय, पाया बदलला की हा गुण राहील ह्याची गॅरंटी नाही.

आता टायटलचा प्रश्न. व्हेक्टर स्पेस म्हणजे जिथे बेरीज करता येते आणि एखाद्या फील्डमधल्या नंबरांनी, स्केलरांनी, ताणता-आखडता येतं. डायमेन्शन म्हणजे सगळं गाठायला कमीत कमी किती व्हेक्टर लागतात ते. मग कॉम्प्लेक्स नंबरांचं डायमेन्शन किती? विद्यार्थी फटकन "दोन" म्हणतात. स्केलर रिअल असतील तर दोन, १ आणि आय पुरतात. स्केलर कॉम्प्लेक्सच असतील तर एक. आणि स्केलर फक्त रॅशनल, अपूर्णांकवाले, असतील तर अनंत, तेही मोजता न येणारं अनंत. एकच बाई एकाची मावशी आणि दुसऱ्याची आत्या असते तसं आहे हे, 'कोणाची' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

ह्यातून गमती निघतात. कॉन्ज्युगेट घेणं, म्हणजे आयच्या जागी उणे आय टाकणं, हे रिअल स्केलरांसाठी लिनियर आहे (बेरीज आणि स्केलरने गुणणं दोन्ही सांभाळतं) आणि कॉम्प्लेक्स स्केलरांसाठी नाही, परीक्षेत हमखास येतं आणि अर्धा वर्ग हमखास चुकतो. आणि त्याहून भारी, रॅशनलवर बघितलं तर रिअल नंबर आणि कॉम्प्लेक्स नंबर दोघांचं डायमेन्शन एकच आहे (इथे अॅक्झियम ऑफ चॉइस हे अनंत निवडी एकदम करू देणारं गृहीतक लागतं, बेसिस, म्हणजे सगळं गाठून देणारा कमीत कमी व्हेक्टरांचा संच, हातात कोणी दाखवू शकत नाही), म्हणजे नुसत्या बेरजेपुरती रेषा आणि प्रतल ही एकच वस्तू आहे! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे काहीतरी फसवणूक वाटलं होतं. फरक सगळा गुणाकारात आहे. व्हेक्टर स्पेस तुम्हाला बेरीज देते, गुणाकार वरून आणावा लागतो.

आणि इथेच हॅमिल्टन अडकला. जोड्या जमल्या, मग त्रिकुटं का नाहीत, आपण तर तीन डायमेन्शनमध्ये राहतो! वर्षानुवर्षं तो १, आय आणि 'जे' (आयसारखंच आणखी एक नवं चिन्ह) असं काहीतरी गुणायला बघत होता. १८६५ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलंय की ऑक्टोबर १८४३ मध्ये रोज नाश्त्याला पोरं विचारायची, पपा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का, आणि तो मान हलवून म्हणायचा नाही रे, फक्त बेरीज-वजाबाकी येते. म्हणजे आजच्या भाषेत बिचाऱ्याकडे व्हेक्टर स्पेस होती, अल्जेब्रा, म्हणजे गुणाकारही असलेली व्हेक्टर स्पेस, नव्हती.

का जमत नव्हतं ते चार ओळींत दाखवता येतं. आय गुणिले जे हे त्या तिघांतच कुठेतरी पडलं पाहिजे, म्हणून आय·जे = अ + ब·आय + क·जे, अ ब क रिअल. दोन्ही बाजूंना डावीकडून आयने गुणा. डावीकडे आय·आय·जे म्हणजे −जे. उजवीकडे अ·आय − ब + क·(आय·जे), आणि त्या कंसात परत वरचंच टाकलं की जेचा सहगुणक क² येतो. म्हणजे क² = −१, आणि क तर रिअल. न मूलं क्षयस्यास्ति! भास्कराचार्यांच्या त्याच वाक्याने हॅमिल्टनची त्रिकुटं मारली.

पण मला ह्याहून आवडतो तो 'कोणावर'वाला पुरावा, त्यात आकडेमोडच नाही. तुमच्या सिस्टिममध्ये आय आहे म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर आत बसलेले आहेत, मग त्यांनाच स्केलर माना आणि डावीकडून गुणा. अख्खी सिस्टिम आता कॉम्प्लेक्सवरची व्हेक्टर स्पेस झाली, तिचं डायमेन्शन समजा न. प्रत्येक कॉम्प्लेक्स स्केलर रिअलवर दोनाचा, म्हणून रिअलवर डायमेन्शन २न. सम संख्या. तीन विषम. संपलं. (गुणाकार असोसिएटिव्ह हवा, म्हणजे कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच, एवढीच अट; आय·जे आणि जे·आय वेगळे आले तरी चालेल.)

तीन नाही म्हणजे पुढचा नंबर चार, आणि १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनच्या रॉयल कॅनॉलच्या कडेने बायकोबरोबर चालताना त्याला तेच सुचलं, क्वाटर्नियन, म्हणजे चार-चार रिअल नंबरांचे गट, आणि त्याने ब्रूम ब्रिजच्या दगडावर सूत्र कोरून टाकलं. किंमत एकच, आय·जे आणि जे·आय सारखे राहिले नाहीत. पुढे १८७७-७८ च्या सुमारास फ्रोबेनियसने सिद्ध केलं की रिअलवर, फायनाइट डायमेन्शनमध्ये, असोसिएटिव्ह राहून भागाकार देणाऱ्या सिस्टिमा तीनच: रिअल, कॉम्प्लेक्स, क्वाटर्नियन. एक, दोन, चार.

हॅमिल्टनला तो एका ओळीचा पुरावा का दिसला नाही? कारण बेसिस, डायमेन्शन ही भाषाच तेव्हा प्रचारात नव्हती. पुढच्याच वर्षी, १८४४ मध्ये, श्टेटिनच्या ग्रासमान नावाच्या शाळामास्तरने ती जवळजवळ सगळी लिहून काढली आणि कोणी वाचली नाही, न खपलेल्या प्रती प्रकाशकाने शेवटी रद्दीत घातल्या. हा माणूस मग संस्कृतकडे वळला आणि १८७३ ते ७५ मध्ये त्याने ऋग्वेदाचा शब्दकोश छापला, तो वेदाचे अभ्यासक आजही उघडतात. वेदवाल्यांना तो कोशकार म्हणून माहीत आणि गणितवाल्यांना लिनियर अल्जेब्रावाला म्हणून, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. व्हेक्टर स्पेसची आजच्यासारखी अॅक्झियम लिहिली ती पेआनोने, १८८८ मध्ये, ग्रासमानचंच वाचून.

आता वरची गॅरंटीची गोष्ट. कोशीची भट्टी दुसऱ्या पायावर लावून बघा. तीनाने भागून उरणाऱ्या बाक्या घ्या, ०, १, २, हे एक छोटं फील्ड आहे. त्यात उणे एक म्हणजे २, आणि २ कुणाचा वर्ग नाही, म्हणून क्ष² + १ ने भागून बाक्या ठेवल्या की नऊ सदस्यांचं झकास फील्ड मिळतं, तीनवर डायमेन्शन दोन म्हणून तीनाचा वर्ग. ह्याच हिशोबाने सहा सदस्यांचं फील्ड असूच शकत नाही, कारण कुठलंही फायनाइट फील्ड आपल्या आतल्या छोट्या फील्डवरची व्हेक्टर स्पेस असतं आणि त्याचा आकडा एखाद्या प्राइमचा घात असावा लागतो. आता पाचवर हेच करा, आणि फसतं, कारण तिथे २² = ४ म्हणजेच −१, वर्गमूळ आधीच घरात आहे, १² + २² = ५ म्हणजे शून्य, आणि भागाकाराचं ते कारण कोसळलं. पंचवीसचं फील्ड हवं असेल तर क्ष² + १ सोडून क्ष² − २ घ्यायचं, मग जमतं. सात आणि अकरावर क्ष² + १ चालतं. तेरावर काय होतं ते स्वतः करा, पाच गुणिले पाच केलं की कळेल.