शंभर मण्यांचा रस

रात्री साडेनऊला नानांचा फोन आला. "साहेब, आभाळ आलंय. काय करायचं?"

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. मी दिंडोरी तालुक्यात एका वाइनरीचा फील्ड ऑफिसर. कराराच्या बागांवर फिरायचं, साखर मोजायची, कुठली बाग कधी तोडायची ते ठरवायचं. नानांची दोन एकर शिराझ, वाइनची काळी द्राक्षं. दुपारी त्यांना २२ ब्रिक्स लागले होते; ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप. मला २३ हवे होते, म्हणजे अजून चार दिवस. पण पिकल्या घडावर पाणी पडलं की मणी तडकतात आणि कूज लागते. म्हटलं, "नाना, रात्रीच तोडू."

युरोपात वेली हिवाळाभर झोपतात नि तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात. आमच्या वेलीला झोप माहीत नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालवतो, एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी. मग माल भरतो तो कोरड्या थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री हुडहुडी. वाइनला हेच हवं असतं. अवकाळी मध्ये आला नाही तर.

नाना मूळचे थॉमसनवाले, म्हणजे खायच्या द्राक्षांचे. घड जीए या संजीवकात बुडवायचा, मणी फुगवायचा, यातच हयात गेली. २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाइनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी तीन एकर शिराझ लावली. २००८-०९ च्या मंदीत करार केलेल्या वाइनरीने माल उचललाच नाही. पुष्कळांनी तेव्हा वेलींवर कुऱ्हाड घातली, नानांनीही एक एकर काढली. उरलेल्या दोन एकरांसाठी मी दरवर्षी त्यांना घड विरळायला सांगतो. "चाळीस वर्षं माल वाढवायला शिकलो, आता कमी पिकवायला शिकवा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वर नाना माळकरी. पिकवतात वाइनसाठी, पण थेंबाला शिवलेले नाहीत.

एक वाजता तोडणी सुरू झाली. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका, कपाळाला बॅटऱ्या, ट्रॅक्टरचे दिवे बागेवर लावलेले. बिबट्याच्या धाकाने दोन पोरं बांधावर पत्र्याचा डबा बडवत बसलेली. क्रेट भरत होते. नाना मात्र ओळींतून हिंडत, इथला एक मणी, तिथला एक मणी तोंडात टाकत होते. गर गिळायचा नि बी दाताखाली फोडायचं. पिकलेलं बी कडक वाजतं, भाजल्यासारखं लागतं. कच्चं असेल तर तुरटपणाने जीभ आखडते.

ओढ्याकडच्या पाच ओळींपाशी ते थांबले. "हे राहू द्या. बी हिरवं आहे."

"नाना, पाऊस आला तर त्या ओळी गेल्या."

"गेल्या तर गेल्या. चांगल्या मालात कशाला घालता?"

मी तिथलेच मणी कुस्करून साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला. १९. दुपारचा नमुना मी रस्त्याकडच्या ओळींतून घेतला होता, ऊन होतं म्हणून. खाली ओढ्यापर्यंत गेलोच नव्हतो. ही गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितली नाही.

पाच ओळी सोडल्या. साडेपाचला शेवटचा क्रेट गाडीत चढला, ताडपत्री बांधता बांधता थेंब सुरू झाले आणि दहा मिनिटांत धो धो. आम्ही दोघं पडवीत उभे. ओढ्याकडचं काही दिसत नव्हतं.

गाडीतल्या मालाचा पक्का आकडा घ्यायचा म्हणून मी सगळ्या क्रेटांतून शंभर मणी पिशवीत घेऊन कुस्करले. शिराझचा रंग सालीत असतो, ताजा रस फिकट गुलाबीच निघतो. २२.५. उरलेला रस नाना बघत होते.

"हा चढतो का?"

"नाही नाना. अजून आंबलेला नाही. नुसता द्राक्षाचा रस."

त्यांनी चहाचा कप पुढे केला. रस गाळून ओतला. माळेला हात लावून ते हळूहळू प्याले, तळाशी आलेलं एक बी दातांत धरून फोडलं.

"बरा आहे," म्हणाले. "त्या पाच ओळींनी घाण केली असती."

मग डोक्यावर पोतं घेऊन ओढ्याकडे बघायला गेले.