‘ॲडोलसन्स’चे चार भाग आणि चालण्याचा वेळ

(चारही भाग पाहिलेल्यांसाठी लिहिलं आहे. पाहायचे राहिले असतील तर आधी पाहून घ्या, इथे सगळंच उघड केलं आहे.)

‘ॲडोलसन्स’ ही ब्रिटिश लघुमालिका मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमी सोहळ्यात तिने सर्वोत्तम लघुमालिकेसह लेखनाचा, दिग्दर्शनाचा आणि अभिनयाचे तीन असे पुरस्कार मिळवले. तरीही तिच्याबद्दल बोलायला लागलं की गाडी हटकून एकाच मुद्द्यावर अडते: प्रत्येक भाग सलग एका टेकमध्ये चित्रित केलाय. ते खरं आहे. 51 ते 65 मिनिटांचे चार भाग, आणि कुठेही कट नाही. पण नुसतं ‘केवढं अवघड काम’ म्हणून थांबलं तर या मालिकेवर अन्याय होतो. या अटीमुळे कोणता भाग उजळला आणि कोणत्या भागात लेखकांची ओढाताण झाली, हे पाहायला हवं. माझ्या मते तिसरा भाग सर्वांत चांगला आणि दुसरा सर्वांत कच्चा आहे, आणि दोन्हींचं मूळ एकाच गोष्टीत आहे. ती म्हणजे चालण्याचा वेळ.

नेहमीच्या मालिकेत माणूस दाराबाहेर पडतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या शहरात पोहोचलेला असतो. सलग टेकमध्ये कॉरिडॉर वीस सेकंदांचा असेल तर ती वीस सेकंदं पडद्यावर जातातच. त्या वेळात कोणी काय बोलायचं, कॅमेरा कोणाच्या मागे जायचा, हे सगळं संहितेतच सोडवावं लागतं. संकलनाच्या टेबलावर काहीही दुरुस्त होत नाही. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम या लेखकांपुढचा खरा पेच हा होता.

पहिल्या भागात तो पेच पोलिसी कार्यपद्धतीने सोडवलाय. शाळेतल्या केटी या मुलीच्या खुनाच्या संशयावरून सकाळी दार फोडून 13 वर्षांच्या जेमीला उचलतात, व्हॅनमधून ठाण्यावर नेतात, नोंदणी, नर्सची तपासणी, रक्ताचा नमुना, वकील, चौकशी. इंग्लंडमध्ये गुन्हेगारी जबाबदारीचं वय 10 आहे, आणि संशयित 18 च्या आतला असेल तर चौकशीच्या वेळी त्याच्या बाजूने एक प्रौढ व्यक्ती हजर लागते. जेमी वडिलांचं, म्हणजे एडीचं, नाव घेतो. या एका निवडीमुळे एडी प्रत्येक खोलीत असणं कायद्यानेच आवश्यक ठरतं आणि कॅमेऱ्याला हक्काचा चेहरा मिळतो. अंगझडतीच्या वेळी कॅमेरा मुलाकडे वळतच नाही, बापाच्या चेहऱ्यावर थांबतो. शेवटी खुनाचं सीसीटीव्ही चित्रण दाखवतात तेव्हाही आघात जाणवतो तो एडीच्या अंगात. प्रक्रियेला स्वतःचा क्रम असतो, त्यामुळे इथे चालण्याचा वेळ फुकट जात नाही. व्हॅनमधला प्रवासही खराच आहे. पोलीस ठाण्याचा सेट यॉर्कशरमधल्या साउथ कर्कबीच्या स्टुडिओत उभारला होता आणि घर मुद्दाम तिथून काही मिनिटांवरचं निवडलं होतं. घर लांब असतं तर त्या व्हॅनमध्ये अर्धा तास बसावं लागलं असतं.

आता जरा कामाच्या पद्धतीबद्दल. प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे दिले होते. पहिला आठवडा नटांची तालीम, दुसरा कॅमेरा आणि तांत्रिक चमूसह तालीम, तिसरा चित्रीकरण. दिवसाला दोन टेक, पाच दिवस, म्हणजे दहा संधी. प्रत्यक्षात वापरलेले टेक असे: पहिल्या भागाचा 2 रा, दुसऱ्याचा 13 वा, तिसऱ्याचा 11 वा, चौथ्याचा 16 वा. दहाच्या वरचे आकडे येतात कारण मध्येच सोडून द्यावे लागलेले टेकही मोजणीत धरलेत. कॅमेरा होता डीजेआयचा रोनिन 4डी. त्यात चालताना होणारी वर-खाली हालचाल शोषणारा चौथा अक्ष असतो, आणि तो इतका आटोपशीर असतो की एका हातातून दुसऱ्या हातात देता येतो. छायाचित्रकार मॅथ्यू लुईस आणि ऑपरेटर ली डेव्हिड ब्राउन आळीपाळीने तो सांभाळत. शिवाय कॅमेरा सगळीकडे फिरणार म्हटल्यावर जमिनीवर दिव्यांचे स्टँड ठेवायची सोयच नसते, उजेड छतातून, खिडकीतून किंवा खोलीत मुळातच असलेल्या दिव्यांतून यावा लागतो. नाटकात प्रवेश आणि जागा जशा बसवतात तसंच हे, फक्त इथे विंगही फिरती असते.

दुसरा भाग शाळेत घडतो आणि तिथे हे गणित बिघडतं. शाळा म्हणजे लांबलचक कॉरिडॉर आणि शेकडो मुलं. कॅमेरा तपास करणारे पोलीस अधिकारी बॅस्कम आणि फ्रँक यांच्या मागे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो, वाटेत दुसऱ्याच कोणालातरी धरतो, मग पुन्हा यांच्याकडे येतो. कोंदट, बेबंद शाळेचं वातावरण उभं राहतं यात शंका नाही. पण वाट भरून काढण्यासाठी शिक्षक एकसुरी झालेत, ओरडणारे किंवा हतबल, तिसरी छटा जवळजवळ नाहीच. त्याच शाळेत शिकणारा बॅस्कमचा मुलगा ॲडम आपल्या वडिलांना इमोजींचा अर्थ सांगतो तो प्रसंग कथेला हवाच होता, कारण जेमीच्या इन्स्टाग्रामवरच्या केटीच्या कमेंट मैत्रीच्या नसून जेमीला हिणवणाऱ्या होत्या, हे तपास अधिकाऱ्याला दुसरीकडून कळणारच नव्हतं. मात्र संवाद माहितीपत्रकासारखे येतात. लाल गोळी (स्त्रीद्वेष्ट्या ऑनलाइन गटांचं ‘सत्य कळल्या’चं चिन्ह), मग शंभराचं चिन्ह, मग 80-20 चा सिद्धांत (80 टक्के मुली 20 टक्के मुलांकडेच आकर्षित होतात हा दावा), सगळं एका दमात. कट असता तर ही माहिती दोन प्रसंगांत विभागता आली असती. इथे ॲडमला एकदाच गाठता येतं, म्हणून त्याच्यावर सगळा भार पडला.

याच भागात फ्रँक म्हणते की सगळे जेमीबद्दलच बोलतील, केटी कोणाच्या लक्षात राहणार नाही. लेखकांना त्रुटी दिसते, ती पात्राच्या तोंडून कबूलही होते, पण पुढच्या दोन भागांत ती भरून निघत नाही. केटीची मैत्रीण जेड हे या भागातलं सर्वांत जिवंत पात्र, आणि तिला नंतर जागाच दिलेली नाही. माझी या मालिकेविषयी सर्वांत मोठी तक्रार हीच.

शेवटचा ड्रोन शॉट मात्र निव्वळ कसरत म्हणून सोडून देता येणार नाही. जेमीचा मित्र रायन खिडकीतून उडी मारतो, कॅमेरा त्याच खिडकीतून बाहेरच्या ऑपरेटरच्या हाती जातो, पाठलाग संपल्यावर तो ड्रोनला जोडला जातो, उडत खुनाच्या जागेपर्यंत जातो, खाली लोक तो झेलतात, सोडवतात आणि एडीच्या चेहऱ्यापर्यंत चालत नेतात. वारा वाढला की हे सगळं बारगळतं, आणि तेही पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे आधीचं सगळं वाया. पण मुख्य म्हणजे शाळा आणि ती जागा किती जवळ आहेत हे आपल्याला अंतर कापून कळतं. इथे प्रवासाला अर्थ आहे.

तिसऱ्या भागात चालणं जवळपास संपतं. एक खोली, एक टेबल, मानसशास्त्रज्ञ ब्रायनी आणि जेमी. चारही भागांत हाच सर्वांत आधी चित्रित झाला, आणि जेमी साकारणाऱ्या ओवेन कूपरचं कॅमेऱ्यासमोरचं ते पहिलंच काम. हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच घेऊन ब्रायनी येते, तेव्हा तिचा वरचष्मा असतो. जेमी उसळून उभा राहतो, कप उडतो, आणि खोलीतला तोल फिरतो. मध्ये ती बाहेर कॉरिडॉरमध्ये येते तो छोटा तुकडा पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या भागात चालणं कुठेतरी पोहोचण्यासाठी होतं. इथे ती फक्त श्वास सावरायला चालते आणि आपण तिच्यासोबत तेवढाच वेळ घेतो. कट असता तर ती पुढच्या फ्रेममध्ये सावरलेलीच दिसली असती. ब्रायनी साकारणाऱ्या एरिन डोहर्टीने भीती कुठेही मोठी केलेली नाही. जेमीने मध्येच दिलेली जांभई संहितेत नव्हती आणि त्यावर ‘मी कंटाळा आणतेय का’ हा तिचा प्रश्नही तिथल्या तिथे सुचलेला. असं काही घडायला अभिनेत्यांना पूर्ण भाग सलग जगावा लागतो.

चौथा भाग मला दुसऱ्यापेक्षा पुष्कळ आवडतो. एडीचा पन्नासावा वाढदिवस, व्हॅनवर कोणीतरी रंगवलेली शिवी, रंग आणायला दुकानापर्यंतचा प्रवास. चालण्याचा वेळ इथे व्हॅनमध्ये बसलाय आणि तिथून कोणाला उठून जाता येत नाही. जाताना जुन्या आठवणींनी हसणारं कुटुंब, परतीच्या वाटेवर जेमीचा फोन, स्पीकरवर ऐकणारी आई आणि बहीण, आणि गुन्हा कबूल करण्याचा त्याचा निर्णय. तिघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी काय होतंय ते पाहायला डोळे पुरत नाहीत. दुकानातला तो सहानुभूती दाखवणारा कर्मचारी मात्र जरा सोयीने येतो. नंतर आईवडिलांचं ‘आपण आणखी काही करायला हवं होतं का’ हे बोलणं लांबतं, पण ते लांबलंच पाहिजे. मुलगा आपल्याच घरातल्या खोलीत बंद दाराआड होता म्हणून सुरक्षित वाटत होता, हे मान्य करायला त्या दोघांना तेवढी मिनिटं लागतात.

पुन्हा पाहणार असाल तर क्रमाने पाहू नका. आधी तिसरा, मग चौथा, मग पहिला. पहिल्या भागात यावेळी जेमीकडे न बघता वकील बार्लोकडे बघा, तो कधी मान खाली घालतो ते कळतं. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, उत्तर इंग्लंडची बोली पटकन कळत नाही.