नाशिकच्या वायनऱ्यांची निवड : माझा अनुभव

माझे माहेर तासगावचे. घरची बाग थॉम्पसन आणि तास-ए-गणेश या खाण्याच्या द्राक्षवाणांची, आणि बहुतेक माल बेदाण्याला जाणारा. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्य द्राक्षवेलीपाशी घालवले, पण वाइनच्या द्राक्षांची बाग जवळून पाहण्याचा योग त्यांना आला नव्हता. ती पाहण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा सोबत एक अटही घातली. अण्णा माळकरी आहेत. बाग आणि काम पाहायला त्यांची हरकत नव्हती, मात्र चव घेण्याचा आग्रह कोणी करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला आणि माझ्या यजमानांना वाइनची गोडी आहे. त्यामुळे आम्हाला चव घेता येईल आणि अण्णांनाही मनासारखे पाहता येईल, अशा नाशिकच्या वायनऱ्या, म्हणजे वाइन बनवण्याची ठिकाणे, शोधणे हे काम माझ्याकडे आले.

सर्वांत आधी मी हंगाम ठरवला, कारण तो चुकला तर उत्तम वायनरीतसुद्धा पाहण्यासारखे फारसे उरत नाही. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नवी फूट येण्यासाठीची) आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी, असा हा क्रम वाइनच्या द्राक्षांनाही लागू आहे. नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. सोव्हिन्यॉ ब्लाँसारखी पांढरी वाणे आधी येतात, तर शिराज आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ ही काळी वाणे मागून. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात आणि पर्यटकही भरपूर येतात, पण तेव्हा वेलीवर घड नसतो आणि द्राक्षे चिरडण्याचे यंत्र बंद असते. म्हणून आम्ही फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडला आणि शनिवार-रविवार कटाक्षाने टाळला. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी काढण्याचा विचार मनात आला होता, परंतु 26 जानेवारी हा राज्यात कोरडा दिवस, म्हणजे मद्यविक्री बंद असण्याचा दिवस, असल्याने तो सोडून दिला.

त्यानंतर नकाशा पुढे घेतला. नाशिकच्या वायनऱ्या एका ठिकाणी नाहीत, आणि निवड करताना माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या परिसरात व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा आहेत. आणि दिंडोरी, निफाड, विंचूर हा भाग तिसऱ्याच दिशेला येतो. एका दिवसात या तिन्ही दिशा गाठायच्या म्हटल्या तर दिवस गाडीतच संपतो, आणि चव घेतलेल्या माणसाने गाडी चालवायची नसल्यामुळे चालकाची व्यवस्थाही वेगळी करावी लागते. आम्ही एका दिवसाला एकच दिशा धरली. दिंडोरी-निफाडची बाजू यंदा सोडली. अकलूजजवळची फ्रातेल्ली ही वायनरी तासगावहून तुलनेने जवळ पडते, पण तो सोलापूर जिल्हा; त्यासाठी स्वतंत्र प्रवासच करायला हवा.

खरी निवड झाली ती फोनवर. प्रत्येक ठिकाणी मी तेच प्रश्न विचारले. आम्ही येऊ त्या दिवशी तोडणी किंवा द्राक्षे चिरडण्याचे काम चालू असेल का, द्राक्षे स्वतःच्या बागेतली की करारावरच्या शेतकऱ्यांची, वेलींच्या ओळीत उतरू देतात का, नुकतीच फवारणी झालेली नाही ना, आणि वाइन न घेणाऱ्या माणसाला फेरीत येता येते का. या प्रश्नांच्या उत्तरांवरून जेवढे कळले तेवढे छायाचित्रे पाहून कळले नव्हते. एका ठिकाणी उपाहारगृह आणि सूर्यास्त यांविषयीच भरभरून माहिती मिळाली, परंतु बागेविषयी विचारताच संकेतस्थळ पाहण्यास सांगितले गेले. ते नाव मी यादीतून काढले. दुसऱ्या एका ठिकाणच्या माणसाने उलट मलाच विचारले की वडिलांची बाग कोणत्या खुंटावर, म्हणजे कोणत्या मुळांच्या वेलीवर कलम केलेली, आहे. तिथे जायचे हे मी त्याच क्षणी ठरवले.

पहिल्या दिवसासाठी सुला घेतली, आणि ती केवळ नाव मोठे म्हणून घेतली नाही. तिथली टेस्टिंग रूम, म्हणजे वाइनची चव घेण्याचे दालन, 2005 पासून चालू आहे आणि गर्दी असतेच, परंतु शेकडो एकरांवरच्या करारशेतीचा माल एका ठिकाणी येतो तेव्हा व्यवहार कसा चालतो, हे अण्णांना समजून घ्यायचे होते. शेजारची यॉर्क 2021 पासून सुलाच्याच मालकीची झाली असली, तरी ती आकाराने लहान आहे आणि गंगापूरच्या जलाशयाकडे पाहत निवांत बसता येते, म्हणून दुपारनंतरचा वेळ तिला दिला. दुसरा दिवस मुकणे धरणालगतच्या व्हॅलोनेसाठी ठेवला, कारण लहान वायनरीत टोपलीपासून बाटलीपर्यंतचे काम थोड्या जागेत, एका ओळीत समजते.

वेलींपाशी अण्णा बराच वेळ थांबले. खाण्याच्या द्राक्षासाठी आम्ही विरळणी करतो, म्हणजे घडातले काही मणी काढतो, जीए हे वाढीचे संजीवक देतो, मणी फुगवतो. इथे घड आखूड, मणी लहान, साल जाड आणि आत बी, आणि उत्पादन मुद्दाम कमी ठेवलेले. साखर मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर मात्र दोन्हीकडे तेच. आत गेल्यावर त्यांना सर्वाधिक पटले ते सालीचे महत्त्व. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून फक्त रस कमी तापमानात आंबवतात. लाल वाइनसाठी साली रसातच ठेवतात, कारण रंग आणि तुरटपणा प्रामुख्याने सालीतून येतो. आम्ही बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, ते सालीवरचा मेणचट थर सैल होऊन आतले पाणी लवकर निघावे म्हणून. एकाच फळाच्या सालीकडे पाहण्याच्या या दोन रीती अण्णांनी तिथल्या तरुण वाइनमेकरला समजावून सांगितल्या, आणि त्यानेही हातातले काम बाजूला ठेवून त्या आदराने ऐकल्या.

चवीसाठी आम्ही दोघांनी प्रत्येक ठिकाणी मोजक्याच वाइन घेतल्या, आणि शक्य तिथे एकच वाण मागितले, म्हणजे सुलाची शिराज आणि व्हॅलोनेची शिराज यांतला फरक जिभेवर राहिला. पाच-सहा प्रकारांचा ठरावीक संच घेण्यापेक्षा हे मला अधिक उपयोगाचे वाटले. तोपर्यंत अण्णा बाहेर बागेच्या माणसांशी दर, पाणी आणि मजुरीविषयी बोलत होते. निघताना त्यांनी करारावर द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्याला भाव साखरेच्या प्रमाणावर मिळतो की वजनावर, याची बारकाईने चौकशी केली आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून घेतले. पुढच्या हंगामात अकलूजला जाण्याआधी फोनवर विचारायच्या प्रश्नांत आता हाही प्रश्न मी घातला आहे.